पेव्हरचे अंगण : फसते कुठे, मागायचे काय

घराभोवतीची फरसबंदी आणि बाग यांच्या कामाबद्दलच्या तक्रारी कोकणात बहुधा एकाच सुमारास कानावर येतात, पहिला पावसाळा सरता सरता. काम उरकलेले असते एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा अंगण सपाट दिसते, ब्लॉकचे रंग ताजे असतात, लॉन हिरवेगार असते आणि ठेकेदाराचा हिशेब चुकता झालेला असतो. गणपतीसाठी घरची माणसे मुंबईहून उतरतात तेव्हा पायरीपुढे पाणी साचलेले असते. गाडी वळवायच्या जागी चाकोरी पडलेली असते, कडेचे ब्लॉक सुटून बाहेर सरकलेले असतात. ठेकेदार फोन उचलत नाही, आणि उचललाच तर ‘पाऊस उघडला की माणसं पाठवतो’ एवढेच सांगतो. चूक नेमकी कोणाची, हे त्या वेळी कोणालाच सिद्ध करता येत नाही, कारण दोष ब्लॉकच्या खाली झाकलेला असतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव या कामातल्या अडचणी समजून घ्यायला सोयीचे आहे. जैतापूरच्या खाडीलगतच्या या गावात जांभ्याचा यशवंतगड आहे, जवळच मुसाकाजी बंदर आणि आंबोळगडचा किनारा आहे. वर कातळाचा सडा, खाली खाडीकाठची मऊ जमीन आणि मध्ये डोंगरउतारावर टप्पे पाडून बसवलेली घरे अशी येथील भूरचना. त्यात पावसाचा जोर, समुद्राचा खारा वारा आणि वर्षातला बराच काळ मुंबईत राहणारे घरमालक. फरसबंदीचे काम फसण्याची जवळजवळ सगळी कारणे अशा गावात एकत्र येतात.

जुनी रीत

पेव्हर ब्लॉक येण्यापूर्वी कोकणातले अंगण मातीचे असे. पावसाळा संपला की लाल माती पसरायची, पाणी शिंपडायचे, लाकडी चोपण्याने चोपून ती घट्ट करायची आणि वर शेणाने सारवायचे. तुळशीच्या लग्नापर्यंत अंगण तयार होत असे. पावसात ते टिकावे अशी कोणाची अपेक्षाच नसे; जूनमध्ये ते खराब व्हायचे आणि कार्तिकात पुन्हा करायचे. वाटा आणि चढाव यांसाठी जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी असे. बांधाला चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून गडगा घालत. या सगळ्या पद्धतींत एक शहाणपण समान होते : पाण्याला वाट ठेवलेली असे. गडग्याच्या फटींतून पाणी पाझरून जाई, पाखाडीच्या कडेने वाहून जाई आणि पागोळ्यांचे पाणी अंगणाच्या कडेच्या चरातून पऱ्याकडे जाई.

आता वर्षातून एकदा अंगण चोपायला घरात माणसे नाहीत. कायमचे, धूळ-चिखल नसलेले, गाडी उभी करता येईल असे अंगण ही खरीखुरी गरज आहे, आणि पेव्हर ब्लॉक ती भागवू शकतो. युरोपात, विशेषतः नेदरलँड्समध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर विटांचा तुटवडा पडला तेव्हा रस्त्यांसाठी काँक्रीटच्या ब्लॉकचा वापर वाढला. पुढे जर्मनीत एकमेकांत अडकणारे आकार विकसित झाले. म्हणजे ही पद्धत मुळात रस्त्यासाठीची आहे. तिची अटही रस्त्याचीच आहे, वरचा ब्लॉक तेवढाच टिकतो जेवढा त्याच्या खालचा थर टिकतो.

ब्लॉकच्या खाली काय असावे

नीट केलेल्या फरसबंदीत चार थर असतात. सर्वांत खाली दाबून घट्ट केलेली मूळ जमीन. तिच्यावर मुरूम किंवा खडीचा पाया, गाडी येणार असेल तर दाबल्यानंतर साधारण सहा इंच आणि जमीन मऊ असेल तर त्याहून जास्त. त्यावर 20 ते 40 मिलिमीटर जाडीचा जाडसर वाळूचा थर. आणि सर्वांत वर ब्लॉक. ब्लॉक बसवल्यावर प्लेट कॉम्पॅक्टर फिरवून ते वाळूत दाबतात. मग सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडून भरतात आणि यंत्र पुन्हा फिरवतात. सांध्यात ठासून बसलेल्या या वाळूमुळेच एका ब्लॉकवरचा भार शेजारच्या ब्लॉकमध्ये वाटला जातो. शेवटी चारही कडांना काँक्रीटमध्ये पक्की केलेली कर्बची ओळ लागते. ती नसेल तर कडेचा ब्लॉक सरकतो, सांधा उघडतो, वाळू वाहून जाते आणि उखडण्याची सुरुवात तिथून होऊन आत पसरते.

काटछाट होते ती याच थरांमध्ये, कारण नंतर ते दिसत नाहीत. पायाची जाडी कमी केली जाते. रोलर किंवा कॉम्पॅक्टर आणायचा खर्च वाचवून फक्त पाणी मारले जाते. जाडसर वाळूऐवजी क्रशरवरची पूडमिश्रित कच पसरली जाते. पावसात तिचा रगाडा होतो आणि गाडीचे चाक गेले की तो सांध्यांतून वर उसळतो. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे पायातला उंचसखलपणा वाळूने भरून काढणे. एका ठिकाणी वाळू एक इंच आणि दुसऱ्या ठिकाणी चार इंच असेल, तर काम झाल्याच्या दिवशी अंगण दोरीत दिसते, पण चार इंचांची जागा पहिल्या पावसात बसते.

साधा हिशेब घातला तर हे काम चालू असतानाच लक्षात येते. एक हजार चौरस फुटांच्या अंगणाला तीन सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर द्यायला सुमारे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास वाळू लागते. त्याच अंगणाला सहा इंचांचा पाया करायचा तर दाबल्यानंतरचे पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास मुरूम-खडी लागते. दाबल्यावर माल बसतो म्हणून प्रत्यक्षात आणावी लागते त्याहून जास्त. दारात दोन ब्रास मुरूम उतरला असेल आणि अंगण ‘सहा इंच सोलिंग’सह, म्हणजे पायासह, पूर्ण झाल्याचे बिल आले असेल, तर गणित जुळत नाही. डंपर मोजणे हे घरमालकाला, किंवा गावात राहणाऱ्या त्याच्या भावबंदाला, जमण्यासारखे काम आहे. कोणत्याही इंजिनिअरिंगच्या पुस्तकाची त्याला गरज नाही.

ब्रास या मापानेही घोटाळा होतो. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तर प्लास्टर किंवा फरशीच्या कामात ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. तोंडी व्यवहारात दोन्ही आकडे एकाच दमात बोलले जातात. दर चौरस फुटावर लिहून घेतला, त्यात पाया, वाळू, ब्लॉक, मजुरी आणि कर्ब धरले आहेत का हे नमूद केले आणि शेवटी टेप लावून दोघांनी मिळून मोजणी केली, तर हा वाद उद्भवत नाही.

ब्लॉकची पारख

पेव्हर ब्लॉकसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 15658 हे मानक 2006 पासून आहे. त्या मूळ मानकात वाहतुकीनुसार प्रतवारी दिली होती. जिथे फक्त माणसे चालणार तिथे एम-30 प्रतीचा 50 मिलिमीटरचा ब्लॉक, हलकी वाहने येणार तिथे एम-35 प्रतीचा 60 मिलिमीटरचा आणि मध्यम वाहतुकीला एम-40 प्रतीचा 80 मिलिमीटरचा. एम-35 याचा अर्थ 28 दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला 35 न्यूटन दाब सोसण्याची ताकद. ब्लॉकने शोषलेले पाणी त्याच्या वजनाच्या सरासरी सहा टक्क्यांहून जास्त असू नये, असेही मानक सांगते. कोकणातल्या पावसात ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची ठरते.

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकारचे ब्लॉक मिळतात. यंत्रात दाबून काढलेला ब्लॉक दिसायला खरबरीत असतो. रबराच्या किंवा प्लास्टिकच्या साच्यात ओतून काढलेला ब्लॉक चकचकीत दिसतो आणि नमुना म्हणून दाखवायला तोच पुढे केला जातो. पण चार महिने ओल्या राहणाऱ्या अंगणात शेवाळ धरते आणि गुळगुळीत ब्लॉकवर म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो. पायरीपासून विहिरीपर्यंत आणि न्हाणीघराच्या वाटेवर खरबरीत ब्लॉकच योग्य. रंगाबाबत एक तपासणी सोपी आहे : एक ब्लॉक फोडून पाहावा. रंगाचा थर नखाएवढा पातळ असेल तर तो दोन-तीन वर्षांत झिजून खालचे करडे काँक्रीट दिसू लागते. फोडलेल्या तुकड्यात पोकळ्या दिसल्या किंवा कडा बोटाने चुरगळल्या, तर ब्लॉक पुरेसा मुरण्याआधीच विक्रीला आला आहे असे समजावे.

पाणी आणि उतार

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने हजार चौरस फुटांच्या अंगणावर हंगामात सुमारे 2 लाख 80 हजार लिटर पाणी पडते. एखाद्या दिवशी 200 मिलिमीटर कोसळला, तर त्या एका दिवसाचे होते साडेअठरा हजार लिटर. छपरावरून अंगणात उतरणारे पाणी याशिवाय.

हे पाणी बाहेर काढायला फरसबंदीला दीड ते दोन टक्के ढाळ लागतो. दोन टक्के म्हणजे दर दहा फुटांना सुमारे अडीच इंच. तीस फूट रुंद अंगणाची एक कड दुसरीपेक्षा सात इंच खाली यायला हवी. हे डोळ्याला जाणवते, म्हणून पुष्कळदा घरमालकच ‘अंगण सपाट करा’ असा आग्रह धरतो आणि ठेकेदार वाद न घालता तसे करून देतो. पाणी साचल्यावर मात्र दोष एकट्या ठेकेदाराच्या माथी बसतो. जाणत्या ठेकेदाराने अशा वेळी नकार द्यायला हवा; निदान ‘मालकाच्या सांगण्यावरून ढाळ कमी ठेवला’ असे लिहून ठेवायला हवे. ढाळ नेहमी घरापासून दूर असावा, जोत्याकडे कधीच नसावा, आणि शेवटी पाणी नेमके कुठे जाणार हे आधी ठरलेले असावे. शेजाऱ्याच्या कलमात किंवा सामाईक पाणंदीत ते सोडले तर तिथून वेगळेच भांडण उभे राहते.

जमिनीनुसार अडचण बदलते. सड्यावर कातळ फोडून अंगण केले, तर खणलेला भाग बशीसारखा होतो. ब्लॉकच्या फटींतून उतरलेले पाणी त्या बशीतच राहते आणि वाळूचा थर महिनोन्‌महिने भिजत पडतो. तिथे खालच्या अंगाला कातळातूनच चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते. खाडीकाठच्या मऊ जमिनीवर उलट प्रकार होतो. पाया हळूहळू चिखलात रुततो. तिथे पाया जाड लागतो आणि माती व खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड घालावे लागते.

तिसरी आणि सर्वांत फसवी जागा डोंगरउतारावरची. अंगणाचा अर्धा भाग उतार कापून मिळवलेला आणि उरलेला अर्धा भराव टाकून वाढवलेला असतो. भराव सहा ते आठ इंचांच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून आणि दाबून घालायचा असतो. जेसीबीने एका दिवसात माती लोटून वर ब्लॉक बसवले, तर कापलेला भाग जागेवर राहतो, भरावाचा भाग खाली जातो आणि दोहोंच्या सीमेवर सरळ रेषेत भेग पडते. अंगणात अशी एकच लांब भेग दिसली, तर दोष ब्लॉकमध्ये नसून भरावात आहे हे जवळजवळ निश्चित.

भराव थोपवणारी भिंत हाही याच कामाचा भाग. जुना गडगा पाणी झिरपू देत असे. त्याच जागी सिमेंटमध्ये चिऱ्याची भिंत बांधली, तर मागे पाणी तुंबते आणि भिंतीला पोट सुटते. अशा भिंतीला ठरावीक अंतरावर पाण्यासाठी भोके आणि मागच्या अंगाला दगड-खडीचा थर आवश्यक असतो. चिरा पाणी शोषतो, तरीही वर्षानुवर्षे टिकतो, कारण लोह आणि ॲल्युमिनियमने समृद्ध असलेला हा खडक खाणीतून काढल्यावर हवेत आणखी कठीण होत जातो. पण भिंतीमागच्या तुंबलेल्या पाण्याच्या रेट्यापुढे चिऱ्याची ताकद कामी येत नाही.

बागेचे काम

फरसबंदी घेणारा ठेकेदार हल्ली बागही करून देतो. इथली निराशा पावसाळ्यात दिसत नाही, ती उन्हाळ्यात दिसते. कातळावर चार इंच लाल माती पसरून लावलेले लॉन पावसात जोमाने वाढते. डिसेंबरपासून पाणी लागते, मार्चनंतर ते रोज आणि भरपूर लागते. विहिरीचे पाणी एप्रिलमध्ये घरालाच पुरत नाही तिथे गवत जळणार हे आधीच सांगता येते. वर्षातून दोनदा गावी येणाऱ्या मालकाला लॉन विकणे म्हणजे न टिकणारी वस्तू विकणे होय.

झाडांचेही तसेच. शहरी बंगल्यांच्या फोटोंतली शोभेची ताडझाडे आणि नाजूक झुडपे खाऱ्या वाऱ्यात पाने करपून उभी राहतात. किनाऱ्यालगत वारा अडवायला सुरू, उंडी, करंज, भेंड ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि त्यांच्या आडोशाला बाकीची बाग वाढते. नारळाला दोन झाडांत साडेसात मीटरचे अंतर लागते. आंब्याच्या कलमासाठी साधारण एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेण्याची शिफारस असते. ब्लॉक बसवताना कातळात हातभर खड्डा पाडून त्यात कलम ठोकले, तर मुळांना जागा मिळत नाही. कोणते झाड कुठे लावावे याचा सल्ला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रांवर मिळतो. नारळासाठी रत्नागिरीजवळ भाट्ये येथे विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. कलमे मान्यताप्राप्त रोपवाटिकेतून घेतली तर जातीची खात्री राहते. मेलेले झाड एका वर्षाच्या आत बदलून द्यायचे की नाही आणि त्या वर्षात पाणी कोणी घालायचे, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय बागेचे पैसे देऊ नयेत.

व्यवहार कुठे बिघडतो

वाईट काम नेहमीच लबाडीतून होते असे नाही. ठेकेदार पावसाच्या तोंडावर तीन-चार कामे एकदम घेतो. एकाची उचल दुसऱ्याच्या मालात जाते. कामगार पुष्कळदा बाहेरगावचे असतात. मृग जवळ आला की ते आपापल्या गावी शेतीला परततात. मे महिन्याच्या अखेरीस उरलेले काम मग चार दिवसांत उरकले जाते आणि त्यात पहिला बळी कॉम्पॅक्टरचा जातो. मालक मुंबईत असतो. त्याला व्हॉट्सॲपवर फोटो येतात आणि तो यूपीआयने पैसे पाठवतो. फोटोत ब्लॉक दिसतात, पाया दिसत नाही. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम मिळते, आणि तो दर परवडण्याची एकच जागा ठेकेदाराला मोकळी असते, जमिनीखालची.

सरकारी बांधकामांत या धोक्यावर उपाय केलेला असतो. काम संपल्यावर ठरावीक काळ दोष दायित्वाचा असतो आणि तोवर ठेकेदाराची अनामत रक्कम राखून ठेवली जाते. खासगी घरमालक मात्र शेवटचा रुपया मे महिन्यातच देऊन मोकळा होतो. खरी चूक इथे होते. कोकणात अंगणाचे काम पहिल्या पावसाळ्याने तपासल्याशिवाय पूर्ण झाले असे मानता येत नाही, आणि पैशाचे हप्ते त्या तपासणीला बांधलेले असायला हवेत. माल दारात उतरल्यावर पहिला हप्ता, पाया दाबून झाल्यावर आणि त्याची जाडी मोजल्यावर दुसरा, ब्लॉक व कर्ब पूर्ण झाल्यावर तिसरा आणि किमान दहा टक्के रक्कम दसऱ्यानंतर, अशी विभागणी दोघांनाही न्याय्य ठरते. चांगल्या ठेकेदाराला तीत तोटा नाही. त्याला उरलेली रक्कम मिळतेच.

भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्यानुसार तोंडी करारही वैध असतो. पण तो सिद्ध करणे कठीण. दोन पानांचा साधा करार पुरतो. त्यात कामाचे क्षेत्रफळ, प्रत्येक थराची जाडी, ब्लॉकची प्रत आणि जाडी, ढाळाची दिशा व प्रमाण, पाण्याची वाट, कर्ब, काम संपवण्याची तारीख, हप्ते आणि एका वर्षाची दुरुस्तीची हमी एवढे असले की झाले. करार मुद्रांकावर करावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अनेक किरकोळ दस्तांचे किमान मुद्रांक शुल्क 100 वरून 500 रुपये झाले आहे. एका अंगणाच्या खर्चापुढे ही रक्कम क्षुल्लक आहे. पैसे रोख न देता बँकेतून द्यावेत आणि बिल पक्के घ्यावे. पाया झाकण्यापूर्वी टेप लावलेले फोटो, तारखेसह, जपून ठेवावेत.

काम फसल्यावर

पहिली गोष्ट म्हणजे घाईने सगळे उखडू नये. एका खचलेल्या जागी फूटभर चौकोनातले ब्लॉक काढावेत आणि खालचा थर पाहावा. वाळू किती, तिच्यात पूड किती, खाली मुरूम आहे की थेट माती, हे टेप ठेवून फोटोत घ्यावे. अशी दोन-तीन ठिकाणची तपासणी सिव्हिल इंजिनिअरकडून लेखी करून घेतली, तर ती पुढे पुरावा ठरते. पेव्हरचा एक मोठा गुण इथे उपयोगी पडतो : ब्लॉक शाबूत असतील तर ते उचलून, पाया नीट करून पुन्हा बसवता येतात. म्हणून पुष्कळदा नुकसान पूर्ण कामाइतके नसते. पाया आणि मजुरी एवढेच असते, आणि तेवढीच मागणी केली तर ती टिकण्याची शक्यता वाढते. करारभंगाची भरपाई ठरवताना नुकसान आवरण्याचा कोणता उपाय हाताशी होता, हेही करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे विचारात घेतले जाते.

दुसरी पायरी लेखी नोटिशीची. दोष कोणते, करारातली कोणती अट मोडली, दुरुस्ती किती दिवसांत हवी, हे लिहून स्पीड पोस्टाने पाठवावे. फोनवरची आश्वासने नोंदीत राहत नाहीत. पोलिसांत जाण्याचा मोह अनेकांना होतो. पण वाईट काम किंवा करारभंग हा मुळात दिवाणी वाद असतो. सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू होता हे दाखवता आले तरच फसवणुकीचा गुन्हा होतो. महारेरा या प्राधिकरणाचाही इथे उपयोग नाही, कारण रेरा कायदा घरे-भूखंड विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे, मालकाच्या घरी काम करणाऱ्या ठेकेदारासाठी नाही.

खरा मार्ग ग्राहक आयोगाचा. देशात ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली झाला. त्याआधी 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली होती आणि 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करत होती. महाराष्ट्रातला ग्राहक कायद्याच्या आधीच जागा झाला होता. 1993 मध्ये गृहबांधणीचा समावेश कायद्यातील सेवेच्या व्याख्येत झाला. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणीच्या सेवेतली त्रुटी ही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असे स्पष्ट केले. सध्याचा कायदा 2019 चा असून 20 जुलै 2020 पासून लागू आहे.

या कायद्याने घरमालकाला काही सोयी दिल्या आहेत. मोबदल्याची रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार दाखल होते. म्हणजे घर नाटे येथे असले आणि मालक मुंबईत राहत असला, तरी त्याला प्रत्येक तारखेला रत्नागिरी गाठावी लागत नाही. वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही आणि ऑनलाइन तक्रारीचीही सोय आहे. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ‘पाऊस उघडल्यावर बघू’ या शब्दावर विसंबून त्यातले दोन पावसाळे सहज निघून जातात. आयोग दोष दूर करण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. आदेश न पाळल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 25 हजार ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चालावे. म्हणूनच मध्यस्थीने तडजोड होत असेल तर ती झिडकारू नये. तक्रार करण्यापूर्वी सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. व्यापारी हेतूसाठी घेतलेली सेवा या कायद्याखाली येत नाही. स्वतः राबून पोट भरण्यापुरते चालवलेले निवास-न्याहारीचे घर अपवादात बसू शकते. गुंतवणूक म्हणून उभारलेल्या रिसॉर्टच्या मालकाला दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते, आणि तिथली मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आहे.

निकाल बाजूने लागला तरी मधल्या काळात अंगण तसेच खचलेले राहते. त्यामुळे तक्रारीपेक्षा आधीची खबरदारी स्वस्त पडते. काम देण्याआधी त्या ठेकेदाराने किमान दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले एखादे अंगण भर पावसात जाऊन पाहावे. पाया झाकण्यापूर्वी गावातल्या जबाबदार माणसाला हातात टेप देऊन उभे करावे. आणि शेवटचा हप्ता दसऱ्याआधी देऊ नये.